चार वास, एक साधना : श्री अरविंद यांचे चरित्र

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्र या वाङ्मयप्रकाराचा परिचय करून घेताना आतापर्यंत आपण कर्तृत्वप्रधान चरित्रांचा विचार केला. अशा चरित्रांत नायकाने काय केले, हे सांगितले की लेखकाचे बरेचसे काम होते. परंतु काही व्यक्तींच्या जीवनातील निर्णायक घटना बंद खोलीत, स्तब्ध बसलेल्या अवस्थेत घडलेल्या असतात. तेथे चरित्रकाराला साक्षीदार मिळत नाही. अशा वेळी त्या व्यक्तीची पत्रे, रोजनिशी, नंतर दिलेली निवेदने आणि त्या घटनेनंतर बदललेले आचरण एवढीच साधने त्याच्या हाती उरतात. श्री अरविंद घोष (१८७२-१९५०) यांचे चरित्र या प्रकारात मोडते.

मराठीत एकांतवास, कारावास आणि अज्ञातवास असे तीन सामासिक शब्द आहेत. तिन्हींतील 'वास' हे उत्तरपद संस्कृतातील 'वस्' म्हणजे राहणे या धातूपासून आले आहे. पूर्वपद बदलले की राहण्याचे कारण बदलते: कोणी स्वेच्छेने वेगळा राहतो, कोणाला कोंडले जाते, तर कोणी लपून राहतो. श्री अरविंदांच्या वाट्याला हे तिन्ही वास आले आणि अखेरीस त्यांनी एक चौथा, दीर्घ वास स्वतः निवडला. या चार वासांतून त्यांची योगसाधना कशी घडत गेली, एका वासातील अनुभवाने आधीच्या अनुभवात कोणती दुरुस्ती केली, आणि या साधनेचे मोल कोणाकोणाला चुकवावे लागले, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

१. घडण : इंग्लंड आणि बडोदे

अरविंदांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ रोजी कलकत्त्यात झाला. वडील कृष्णधन घोष हे विलायतेत शिकून आलेले डॉक्टर होते. आपल्या मुलांवर भारतीय चालीरीतींचा संस्कार होऊ नये, असा त्यांचा कटाक्ष होता. त्यासाठी अरविंदांना पाचव्या वर्षी दार्जिलिंगच्या कॉन्व्हेंट शाळेत आणि सातव्या वर्षी थोरल्या दोन भावांसह इंग्लंडला पाठवण्यात आले. मँचेस्टर, लंडन आणि केंब्रिज येथे त्यांची चौदा वर्षे गेली. ग्रीक व लॅटिनमध्ये त्यांनी प्रावीण्य मिळवले, पण मातृभाषा बंगाली मात्र त्यांना धड येत नव्हती. भाषा आणि व्यक्तिमत्त्व यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने ही बाब ध्यानात ठेवावी. पुढे ज्यांनी उपनिषदे आणि गीता यांवर विस्तृत भाष्य केले, त्यांनी संस्कृत भाषा प्रौढ वयात, मुख्यतः स्वतःच्या प्रयत्नाने शिकली.

आय. सी. एस.ची लेखी परीक्षा ते उत्तीर्ण झाले. मात्र घोडेस्वारीच्या चाचणीस ते हजर राहिले नाहीत आणि अपात्र ठरले. त्याच सुमारास लंडनमध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी त्यांची भेट झाली व बडोदे संस्थानात नोकरी ठरली. फेब्रुवारी १८९३ मध्ये ते मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. मुलगा ज्या बोटीने येत आहे ती बुडाली, अशी चुकीची वार्ता वडिलांना कळली होती आणि त्या धक्क्याने त्यांचे निधन झाले होते. मायभूमीवर पाऊल ठेवताच आपल्याला एका विशाल शांततेने वेढून टाकले, असे अरविंदांनी नंतर नमूद केले आहे. घरी मात्र त्यांची वाट पाहणारे वडील उरले नव्हते.

बडोद्यात ते तेरा वर्षे राहिले. आरंभी महसूल खात्यात, नंतर महाविद्यालयात फ्रेंच व इंग्रजीचे प्राध्यापक आणि पुढे उपप्राचार्य म्हणून त्यांनी काम केले. संस्थानच्या कारभारात मराठी भाषकांचा मोठा वावर असल्याने ते मराठीही शिकले. मुंबईच्या 'इंदुप्रकाश' पत्रातून त्यांनी काँग्रेसच्या विनंती-अर्जांच्या राजकारणावर परखड टीका करणारी लेखमाला लिहिली. त्या पत्राच्या संपादनाचे काम केंब्रिजमधील त्यांचे स्नेही केशवराव देशपांडे पाहत होते.

योगाकडे ते बरेच उशिरा आणि काहीसे साशंक मनाने वळले. संसार सोडून देणारा योग त्यांना नको होता. देशाच्या स्वातंत्र्यासाठी सामर्थ्य मिळवावे, हा त्यांचा हेतू होता. १९०४ च्या सुमारास नर्मदाकाठच्या चांदोद येथील ब्रह्मानंदांच्या एका शिष्याकडून प्राणायामाची माहिती घेऊन त्यांनी अभ्यास सुरू केला. रोज पाच-सहा तास ते प्राणायाम करीत. प्रकृती सुधारली, काव्यरचनेला वेग आला, बुद्धीला तरतरी आली. परंतु त्यापलीकडे काही घडेना. पुढे राजकीय धावपळीत अभ्यास अनियमित झाला आणि ते आजारी पडले. नियमित श्वासाभ्यास हे साधन आहे, साध्य नव्हे, हा धडा त्यांना येथे मिळाला.

२. एकांतवास : बडोद्यातील तीन दिवस

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली. दुसऱ्या वर्षी अरविंद बडोद्याची नोकरी सोडून कलकत्त्यास गेले. तेथे राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद आणि 'वंदे मातरम्' या पत्रातील लेखन यांमुळे त्यांचे नाव देशभर झाले. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेसची फाळणी झाली. लोकमान्य टिळकांबरोबर जहालांचे नेतृत्व करणारे अरविंद तेथून बडोद्यास आले. विद्यार्थ्यांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत मिरवणूक काढली.

या गर्दीच्या मध्यभागी असताना त्यांना अंतर्यामीचा खोळंबा जाणवत होता. साधना अडली होती आणि मार्गदर्शक हवा होता. धाकटे बंधू बारींद्र यांनी विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याला तार करून ग्वाल्हेरहून बोलावून घेतले. लेले हे विद्वान म्हणून ख्यातनाम नव्हते. इंग्लंडमध्ये शिकलेला, देशभर गाजलेला पुढारी या साध्या गृहस्थासमोर विद्यार्थी म्हणून बसला. लेल्यांनी एकच अट घातली: काही दिवस राजकारण पूर्णपणे बाजूला ठेवायचे. अरविंदांनी ती मान्य केली. चाहत्यांना पत्ता लागू नये म्हणून दोघे सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरील एका लहानशा खोलीत जाऊन राहिले.

लेल्यांची पद्धत सोपी होती. विचार आपल्या मनात उत्पन्न होतात, असे आपण मानतो. स्वस्थ बसून पाहिले, तर ते बाहेरून येताना दिसतात. ते आत शिरण्यापूर्वीच त्यांना दूर सारायचे, एवढेच करायचे होते. अरविंदांनी ही सूचना वाद न घालता अमलात आणली आणि तीन दिवसांत त्यांचे मन पूर्णतः निःशब्द झाले. त्या निःशब्दतेत त्यांना निर्गुण ब्रह्माचा अनुभव आला. सभोवतालचे जग एखाद्या सावलीसारखे, सत्त्वहीन भासू लागले. ही गोष्ट दोघांनाही अनपेक्षित होती. लेल्यांचा कल सगुण भक्तीकडे होता आणि अरविंदांना जग मिथ्या ठरवणारे तत्त्वज्ञान मान्य नव्हते. जे नको होते तेच प्रथम अनुभवास आले.

आता प्रश्न व्यवहाराचा होता. ठरलेली व्याख्याने समोर होती आणि मनात तर एकही विचार उठत नव्हता. मुंबईच्या सभेपूर्वी त्यांनी लेल्यांचा सल्ला घेतला. श्रोत्यांना नमस्कार करून थांबावे, बोलणे आपोआप येईल, असे लेल्यांनी सुचवले आणि त्याप्रमाणेच झाले. जानेवारी १९०८ मध्ये पुणे, मुंबई, नाशिक, धुळे, अमरावती व नागपूर येथे त्यांनी भाषणे केली. महाराष्ट्राने त्या महिन्यात ऐकलेला हा वक्ता आतून संपूर्ण स्तब्ध होता.

निरोपाच्या वेळी लेल्यांनी त्यांना अंतर्यामीच्या मार्गदर्शकावर भिस्त ठेवण्यास सांगितले. थोड्याच दिवसांनी लेले कलकत्त्यास गेले, तेव्हा अरविंदांनी ठरावीक वेळी ध्यानास बसणे सोडल्याचे त्यांना आढळले. ध्यान आता अखंड चालू असल्याने वेगळे बसण्याचे कारण उरले नाही, अशी अरविंदांची धारणा होती. लेल्यांना ती पटली नाही. शिष्य चुकीच्या शक्तीच्या आहारी गेला, असे त्यांना वाटले. गुरु-शिष्यांचे मार्ग येथे वेगळे झाले. तरीही लेल्यांचे ऋण अरविंदांनी आयुष्यभर मान्य केले.

३. कारावास : अलीपूरचे वर्ष

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँबस्फोट झाला. त्यानंतर २ मे रोजी अरविंदांना अटक करण्यात आली आणि ५ मे पासून बरोबर एक वर्ष ते अलीपूरच्या तुरुंगात होते. कोठडी सुमारे नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद होती. तिला खिडकी नव्हती. मजुमदारांच्या वाड्यातील खोलीही लहानच होती; पण तिचे दार आतून लावलेले होते, आणि या कोठडीचे बाहेरून.

स्वेच्छेचा एकांत ज्याला साधला, त्याला सक्तीचा एकांत सोपा जाईल, अशी आपली समजूत होते. ती बरोबर नाही. आरंभीच्या दिवसांत अरविंदांचे मन सैरभैर झाले. आपल्याला वेड तर लागणार नाही ना, अशी भीतीही त्यांना वाटली. 'काराकाहिनी' या बंगाली पुस्तकात त्यांनी हे प्रांजळपणे आणि विनोदाची पखरण करीत सांगितले आहे. बडोद्यात मिळालेली शांती ही कायमची ठेव नव्हती. ती निराळ्या परिस्थितीत नव्याने मिळवावी लागली.

घरून पुस्तके मागवण्याची परवानगी मिळाल्यावर गीता आणि उपनिषदे त्यांच्या हाती आली. गीता हा केवळ वाचण्याचा ग्रंथ न राहता दिवसभराच्या साधनेचा नियम झाला. पुढे काही काळ सर्व आरोपींना एका मोठ्या दालनात एकत्र ठेवण्यात आले. तेथे तरुणांची थट्टामस्करी, गाणी आणि वाद अहोरात्र चालत. त्या गलबल्यातही अरविंद ध्यान करीत. नंतर नरेंद्र गोस्वामी या माफीच्या साक्षीदाराचा तुरुंगातच खून झाला आणि सर्वांना पुन्हा स्वतंत्र कोठड्यांत टाकण्यात आले. एकांत, गर्दी आणि पुन्हा एकांत, अशा तिन्ही अवस्थांत त्यांचा अभ्यास तावून सुलाखून निघाला.

येथे आलेला अनुभव बडोद्यातील अनुभवाहून मूलतः निराळा होता. तेथे जग सावलीसारखे भासले होते. येथे तुरुंगाच्या भिंती, अंगणातील झाड, पहारेकरी, चोर-दरोडेखोर आणि न्यायासनावरील व्यक्ती या सर्वांत त्यांना वासुदेवाचे दर्शन झाले. जग आता रिते उरले नाही, ते भरलेले दिसू लागले. पहिला अनुभव खोटा ठरला नाही, परंतु तो अपुरा होता हे स्पष्ट झाले. अरविंदांच्या वैचारिक विकासाचे सूत्र येथे सापडते: अनुभव कितीही उत्कट असला, तरी त्यालाच अंतिम मानून त्यांनी साधना थांबवली नाही.

चित्तरंजन दास यांनी त्यांचा बचाव केला. न्यायाधीश बीचक्रॉफ्ट हे आय. सी. एस. परीक्षेत अरविंदांच्याच तुकडीतील होते. ६ मे १९०९ रोजी अरविंदांची निर्दोष मुक्तता झाली. बारींद्र यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. ३० मे रोजी उत्तरपाडा येथील भाषणात अरविंदांनी तुरुंगातील आध्यात्मिक अनुभव प्रथमच जाहीरपणे सांगितला.

४. अज्ञातवास : चंद्रनगर ते पाँडिचेरी

सुटकेनंतर त्यांनी 'कर्मयोगिन्' हे इंग्रजी आणि 'धर्म' हे बंगाली साप्ताहिक सुरू केले. फेब्रुवारी १९१० मध्ये पुन्हा अटकेची कुणकुण लागली. अंतर्यामी मिळालेल्या आदेशानुसार ते काही मिनिटांतच निघाले आणि होडीने चंद्रनगर या फ्रेंच वसाहतीत गेले. तेथे काही आठवडे गुप्तपणे राहून ४ एप्रिल १९१० रोजी ते पाँडिचेरीस पोहोचले. पुढील चाळीस वर्षे त्यांनी ते गाव सोडले नाही.

या प्रस्थानावर टीका झाली. ऐन संघर्षात पुढाऱ्याने रणांगण सोडले, असे अनेकांना वाटले. ही टीका चरित्रकाराने झाकून ठेवू नये. काही वर्षांची साधना करून परतावे, असा त्यांचा आरंभीचा मानस होता. पण काम वाढत गेले आणि परतण्याची तारीख पुढे जात राहिली. १९२० मध्ये जोसेफ बॅप्टिस्टा यांनी मुंबईतून निघणाऱ्या नव्या पत्राचे संपादकपद देऊ केले आणि डॉ. मुंजे यांनी नागपूर काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी विचारणा केली. दोन्ही निमंत्रणे त्यांनी नाकारली. राजकीय स्वातंत्र्य आता इतरांच्या प्रयत्नांनी येणारच आहे, आपले कार्य निराळे आहे, अशी त्यांची खात्री झाली होती.

या निर्णयाची झळ सर्वाधिक कोणाला लागली असेल, तर ती मृणालिनीदेवींना. १९०१ मध्ये चौदाव्या वर्षी त्यांचा विवाह झाला होता. पतीचा सहवास त्यांना थोडाच लाभला. पतीने पत्रांतून आपली ध्येये त्यांना समजावून सांगितली. त्यांतील काही पत्रे अलीपूर खटल्यात पुरावा म्हणून न्यायालयात वाचली गेली. पतीपासून दूर, बहुतांशी माहेरच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. डिसेंबर १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाच्या साथीत, कलकत्त्यास त्यांचे निधन झाले. एकाच्या एकांताची किंमत पुष्कळदा दुसऱ्याच्या एकाकीपणाने चुकती होते. एकांत आणि एकाकीपणा या शब्दांत मराठीने जो भेद केला आहे, त्याचे याहून ठसठशीत उदाहरण सापडणे कठीण.

या काळातील साधनेचा एक विलक्षण पुरावा उपलब्ध आहे. अरविंदांनी विशेषतः १९१२ ते १९२० या वर्षांत आपल्या साधनेची रोजनिशी ठेवली. ती त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाली. सात चतुष्टयांत, म्हणजे अठ्ठावीस अंगांत, साधनेची विभागणी करून प्रत्येकातील प्रगती आणि पीछेहाट त्यांनी एखाद्या प्रयोगवहीप्रमाणे टिपली आहे. काल साधलेले आज निसटले, अशी नोंद करताना त्यांनी संकोच केलेला नाही. सिद्ध पुरुष म्हणून ज्यांची प्रतिमा रूढ आहे, त्यांचा हा विद्यार्थिपणा अभ्यासकाने अवश्य पाहावा.

याच काळात, १५ ऑगस्ट १९१४ पासून जानेवारी १९२१ पर्यंत, त्यांनी 'आर्य' हे मासिक चालवले. 'दिव्य जीवन', 'योगसमन्वय' आणि गीतेवरील निबंध हे त्यांचे प्रमुख ग्रंथ त्यात क्रमशः प्रसिद्ध झाले. हठयोग, राजयोग, ज्ञान, भक्ती व कर्म यांपैकी एकाच मार्गाचा आग्रह न धरता त्यांतील तत्त्वांचा समन्वय करावा आणि योगाने जीवनाचा त्याग न करता जीवनाचेच परिवर्तन करावे, हा या लेखनाचा गाभा आहे. त्यालाच पूर्णयोग असे नाव मिळाले. बडोद्यातील शून्य आणि अलीपूरमधील पूर्णता यांची सांगड त्यांनी या ग्रंथांतून घातली.

५. अखेरचा एकांतवास

२४ नोव्हेंबर १९२६ रोजी एका विशेष अनुभवानंतर अरविंदांनी लोकांतून पूर्णपणे अंग काढून घेतले. आश्रमाची धुरा त्यांनी माताजी मीरा यांच्यावर सोपवली. वर्षातून मोजक्या दर्शनदिनी ते लोकांसमोर येत आणि तेव्हाही बोलत नसत. १९२८ मध्ये रवींद्रनाथ टागोरांसारख्या थोड्यांनाच अपवाद म्हणून त्यांची भेट मिळाली.

या मौनाचा अर्थ संपर्काचा त्याग असा मात्र नव्हता. १९३० नंतरच्या काही वर्षांत साधकांच्या हजारो पत्रांना ते रात्र-रात्र जागून उत्तरे लिहीत. झोप, आहार, राग, काव्यातील छंद, स्वयंपाकघरातील भांडणे, असा कोणताही विषय त्यांनी क्षुद्र मानला नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी दोस्त राष्ट्रांना जाहीर पाठिंबा दिला आणि १९४२ मध्ये क्रिप्स योजना स्वीकारावी असा सल्ला काँग्रेस नेत्यांना कळवला. तो मानला गेला नाही.

नोव्हेंबर १९३८ मध्ये, दर्शनदिनाच्या पहाटे, खोलीत पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. शुश्रूषेसाठी डॉक्टर आणि काही साधक खोलीत येऊ लागले. बारा वर्षांची शांतता अशा रीतीने मोडली. त्यांनी तिचा हट्ट धरला नाही. सेवेकऱ्यांशी संध्याकाळी मोकळ्या गप्पा सुरू झाल्या. पुढे दृष्टी मंदावल्यावर 'सावित्री' या सुमारे २४,००० ओळींच्या इंग्रजी महाकाव्याचा उत्तरभाग त्यांनी तोंडी सांगून लिहवून घेतला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी, त्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, देश स्वतंत्र झाला. ५ डिसेंबर १९५० रोजी पाँडिचेरीस त्यांनी देह ठेवला.

समारोप

श्री अरविंदांच्या जीवनातील चार वासांची स्थळे, कारणे आणि कालावधी भिन्न आहेत. तीन दिवसांच्या एकांतवासाने मन शांत करण्याची कला दिली. एका वर्षाच्या कारावासाने त्या शांतीची परीक्षा घेतली आणि तिला आशय दिला. अज्ञातवासाने त्या आशयाला शास्त्राचे व ग्रंथाचे रूप दिले. अखेरच्या दीर्घ एकांतवासात ते इतरांच्या उपयोगी पडले. प्रत्येक टप्प्यावर ते शिकत राहिले आणि आधी शिकलेले तपासत राहिले. योगाने होणारा व्यक्तिविकास एका क्षणाच्या साक्षात्कारात संपत नाही. तो सततच्या दुरुस्तीचा प्रवास असतो, हे या चरित्राचे मुख्य प्रतिपादन आहे.

आपणांपैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून रात्री उशिरा हा पाठ वाचत असतील. घरातील इतर झोपल्यावर मिळणारा तो तास हाही एक लहानसा एकांतवासच आहे. तो तास मिळावा म्हणून घरातील कोणीतरी आपल्या वाट्याचे काम उचलले आहे. मृणालिनीदेवींची आठवण ठेवली, तर त्या व्यक्तीचे स्मरण ठेवणे हाही साधनेचाच भाग आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

स्वाध्याय

१. बडोदे आणि अलीपूर येथील अनुभवांतील फरक स्पष्ट करा.

२. अंतर्मुख व्यक्तीचे चरित्र लिहिताना चरित्रकारापुढे कोणत्या अडचणी येतात? प्रस्तुत पाठाच्या आधारे चर्चा करा.

३. 'एकांत' आणि 'एकाकीपणा' या शब्दांच्या अर्थच्छटा स्वतःच्या अनुभवातील उदाहरणे देऊन दहा-बारा ओळींत लिहा.

४. पाँडिचेरीस जाण्याच्या निर्णयावरील आक्षेप आणि त्याचे समर्थन या दोन्ही बाजू मांडून आपले मत नोंदवा.